पोर्टोबेलोचं जकातघर

मंगळवारी दुपारी बायको सुरेखा रिकार्टन उपनगरातल्या देशी दुकानात पोहे आणायला गेली आणि चंद्रहास मागच्या खोलीत कामाला बसला. काम नेहमीचंच. पनामातल्या पोर्टोबेलो बंदराचं जुनं जकातघर लेझरनं मोजून आलं होतं, त्यावरून नकाशे करून चारच्या आत पाठवायचे. एके काळी पेरू देशाची चांदी खेचरांवर लादून तिथं यायची आणि स्पेनची जहाजं लागेपर्यंत त्या दगडी खोल्यांत थप्प्या लावून पडायची. चांदी गेली, स्पॅनिश गेले, भिंती तेवढ्या उरल्या. नकाशे चुकले तर मात्र चंद्रहासची नोकरी जाणार होती, आणि या परक्या देशात कायम राहायचा, रेसिडेन्सीचा अर्ज तर सगळा नोकरीवरच टांगलेला!

आता गंमत बघा. लेझरसमोर कुणी उभं राहिलं, की त्याची आकृती उमटते आणि मागची भिंत तेवढी मोजलीच जात नाही. तिथं भोक पडतं. आकृती पुसायची, शेजारचे दगड उचलून भोक बुजवायचं, हा रोजचा उद्योग. पण आज प्रत्येक खोलीत माणसाएवढं भोक होतं, आणि माणूस कुठंच नव्हता.

फाइल आली होती ऑफिसातल्या सुशीलकडून. बढतीवरून गेल्याच महिन्यात दोघांचं वाजलेलं. चंद्रहासच्या डोक्यात तिडीकच गेली. त्यानं फोन लावला.

“फाइलीत हात घातलायस तू?”

“नाही रे... बुजव आणि पाठव ना. स्वीट ॲज, काही बिघडत नाही.”

आवाज चोरटा होता. लबाड मेला! पण पावणेचार वाजले होते. चंद्रहासनं भराभर भोकं बुजवली. शेवटच्या खोलीतलं तर उंबऱ्यापासून पार वरपर्यंत होतं. तिथंही त्यानं दगड बसवले. त्या खोलीला दुसरं दार आहे का, हे बघायला वेळ कुणाला होता? फाइल गेली.

लगेच सुशीलचा फोन आला.

“खरं सांगतो. माणूस होता. मीच पुसला... तुझ्यासाठी.”

“माझ्यासाठी?”

“तूच होतास रे. सगळ्या खोल्यांत. वाटलं, अर्ज चालू असताना गुपचूप देशाबाहेर जाऊन आलास. कुणी पाहिलं असतं तर गोत्यात आला असतास.”

“अरे, माझा पासपोर्ट चार महिने इमिग्रेशनकडे पडलाय!”

ज्याला मघापासून शिव्या घातल्या, तो आपल्याला वाचवत होता. चंद्रहासला लाज वाटली, आणि तिच्या पाठोपाठ भीती. खोलीत ओल्या दगडाचा खारट वास येत होता.

“शेवटच्या खोलीत... काय करत होतो मी?”

“दारात होतास. चौकट धरून, बाहेर निघाल्यासारखा... ते एकच दार आहे त्या खोलीला. उघडं ठेवलंयस ना?”

फोन कट झाला.

पॅसेजमध्ये सुरेखाची पावलं वाजली. जवळ आली. थांबली. मग ती हातानं काहीतरी चाचपत पुढं गेली, परत मागं आली.

“अरे...” भिंतीपलीकडून तिचा आवाज अगदी बारीक आला. “तुझ्या खोलीचं दार कुठंय?”