उंदरांची रात्र

ही गोष्ट खरी आहे. मनाचा खेळ आहे, असं सांगायला कोणी येऊ नका. ते ऐकून मी कंटाळलोय.

घडलं रात्रीच. पण ती रात्र उंदरांची. बाहेर वसईत भर दुपार होती.

वसई पूर्वेला एका प्रयोगशाळेत मी उंदीर सांभाळायचो. त्यांच्या खोलीत दिवस-रात्र उलटी ठेवतात. दुपारी अंधार केला की ते जागे होतात. प्रत्येक पिंजऱ्यात एक चाक. उंदीर कधी धावला, कधी झोपला, ते संगणकावर उमटतं.

माझी बायको रचना, वटार गावची, तिथेच कामाला होती. दुपारी लाल टॉर्च घेऊन आत जायची; लाल उजेड उंदरांना जाणवत नाही. पाण्याच्या प्रत्येक बाटलीला नखाने टिचकी मारायची. नळीच्या तोंडाची लोखंडी गोळी अडकली तर उंदीर तहानलेला राहतो, म्हणून.

"पानी पिलास का रं?" असं प्रत्येकाला विचारायची.

"मला कधी विचारत नाहीस," मी म्हणायचो.

"तुमाला हात हायत ना? घ्या की!"

गणपतीनंतर ती गेली. साधा ताप आहे म्हणत होते.

बाटल्या माझ्याकडे आल्या. मी ते काम सकाळी उजेडातच उरकायचो. दुपारी त्या अंधारात जाववत नव्हतं.

आणि मग संगणकावरच्या आलेखात रोज दुपारी एक खाच दिसू लागली...

धावणारे उंदीर मध्येच थांबत होते. एकामागून एक.

प्रयोग सँड्रा मॅडमचा. त्या भडकल्या.

"भूपेश, दुपारी आत कोण जातं?"

"कोणी नाही, मॅडम."

"मग उंदीर काय रांग लावून थांबतात? माझं वर्षाचं काम फुकट चाललंय. पुन्हा झालं तर तुम्हाला इथून हलवीन."

घराबाहेर रचनाचा हात फिरलेली ती एकच खोली उरली होती. मला हलायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दाराबाहेर स्टूल टाकून बसलो. चोर पकडायचाच होता.

"मांजर पाळलंस की काय आत?" श्रीपत हसला. तो गोदाम बघायचा.

आत चाकं घरघरत होती. किल्ली माझ्या खिशात.

मग एक चाक थांबलं...

श्रीपतचं हसूही थांबलं.

मी आत गेलो. तो आला नाही.

अंधार.

टिक.

थांबलेलं चाक पुन्हा फिरू लागलं. शेजारचं थांबलं.

टिक.

मी टॉर्च मारली. मांडणीपुढे कोणीच नव्हतं. उंदीर मागच्या पायांवर उभा राहून वर बघत होता. बाटलीकडे नाही. तिच्या पलीकडे...

आवाज रांगेने जवळ आला. माझ्यासमोर आला.

टिक.

"रचना?"

मला एक शब्द हवा होता. फक्त एक.

माझ्या पलीकडचं चाक थांबलं.

टिक.

ती मला ओलांडून गेली होती.

"अगं, मला पण विचार की!" मी ओरडलो.

सगळी चाकं एकदम थांबली...

त्या दिवसापासून खाच येत नाही. मॅडमनी मला गोदामात टाकलं, श्रीपतला खोलीत. "बघितलंत? तुम्ही गेलात आणि सगळं सुरळीत झालं," म्हणाल्या. श्रीपत खाली बघत राहिला.

काय सांगू त्यांना?

आज सुट्टी होती. आचोळ्याला घरीच होतो. दुपारी एकटा जेवायला बसलो.

समोरच्या पाण्याच्या पेल्यावर...

टिक.

एवढंच. पुढे काही नाही.

पेला अजून तिथेच आहे. घसा कोरडा पडलाय.

हात आहेत मला. पण उचलवत नाही.