विरजणाला कुलूप

सत्त्वधारा कंपनीच्या मिरजेतल्या प्रयोगशाळेत एका स्टीलच्या डब्याने डॉ. विभावरी हेर्लेकरांच्या तोंडचं पाणी पळवलं. डबा साधाच होता, कडीचा, झाकणावर कुणाच्या तरी लग्नाची तारीख कोरलेली. आत पावशेर दही. ते मेलेलं असायला हवं होतं आणि ते जिवंत होतं. विभावरींनी तीनदा तपासलं आणि तिन्ही वेळा कागदाची पट्टी निळी झाली, म्हणजे जिवाणू जिवंत आणि दुसरा कुठलाच जंतू नाही.

'प्राणदधी' या औषधाची पुडी कोमट दुधात टाकली की दही लागतं. हातथर हा आजार झालेल्या माणसाच्या शरीरात जे विष साठत जातं, ते या दह्यातले जिवाणू पोटात बसून खाऊन टाकतात. हातथरीत आधी बोटं थरथरतात, मग जीभ जड होते, मग बुद्धी जाते, आणि दोन वर्षांत माणूस. औषध रामबाण होतं, पण दह्याला एक खोड असते. चमचाभर दह्यातून दुसऱ्या दिवशी भांडंभर दही होतं. मग दुसरी पुडी विकत घेणार कोण? म्हणून कंपनीने प्रत्येक जिवाणूत 'कालकुलूप' बसवलं. जिवाणू एकाचे दोन होत जातात तसं हे कुलूप पिढ्या मोजत जातं, आणि ठरलेला आकडा आला की जिवाणू आपोआप मरतो. मूळ भांड्यातलं काय किंवा त्यातून लावलेलं काय, सातव्या दिवशी सगळं निकामी.

हे कुलूप विभावरींनीच बनवलं होतं. त्याबद्दल त्यांना पदक मिळालं होतं. पुड्यांचा भाव चढू लागला तसं ते पदक भिंतीवरून उतरलं आणि कुठल्याशा खणात गेलं.

डबा आणणारी हसीना सतारमेकर समोरच्या स्टुलावर अंग चोरून बसली होती. तिचा नवरा दस्तगीर सतारी करायचा. दीड वर्षापूर्वी त्याला हातथर झाली.

"किती दिवसांचं आहे हे दही?" विभावरींनी विचारलं.

"एक्केचाळीस दिवस झाले बघा मॅडम. पुडी परवडंना झाली. रोज सकाळी दुकानातलं यंत्र नवा भाव काढतंय, अन् रोज वरच. मग आम्ही बायकांनी काय केलं, रोज, अगदी सहाव्या दिवशीबी, त्यातलंच चमचाभर दुसऱ्या दुधाला लावायचं. मरतंय माहिती हाय, तरी लावायचं. कुणाचं अर्धा दिवस जास्त टिकलं तर त्याच्याकडनं आणायचं. विरजणाला न्हाई कोण म्हणतंय? तसं फिरत फिरत ह्ये माझ्या घरात आलं, आन् मरंचना."

"आणि दस्तगीरभाई?"

"परवा त्यांनी स्वतःच्या हातानं तार चढवली." एवढं बोलून तिला पदर डोळ्यांना लावावा लागला. "पण मॅडम, आता अकरा जणी मागाय लागल्यात. आपल्या माणसाला द्यायची जोखीम मी घेतली. दुसऱ्याच्या पोटात घालायचं तर विचारायला नको? बिघडलेलं असलं तर? तुम्हीच केलंय ते, तुम्हाला कळणार."

विभावरी तिच्याकडे बघतच राहिल्या. ही बाई कंपनीचे पैसे चुकवून वाढवलेलं औषध घेऊन कंपनीच्याच दारात आली होती, आणि कशासाठी, तर शेजारणीला बाधू नये म्हणून! आपण चोरी केली असं तिच्या मनातही आलं नव्हतं. ते यायचं तरी का?

तेवढ्यात दार उघडून समीरण गद्रे आत आला. कंपनीच्या किंमत विभागाचा हा प्रमुख त्या दिवशी मिरजेत बैठकीला आला होता. तपासणीचा प्रत्येक निकाल परस्पर त्याच्या पडद्यावर जायचा, त्यामुळे त्याला काही सांगावं लागलं नाही.

"कुलूप मोडलं कसं, मॅडम?"

"मोडलं नाही, चुकलं. पेशीची नक्कल होताना लाखभर भांड्यांमागे एखाद्यात मोजणारा भागच बिघडतो. माझ्या अहवालात हे आहे. बरोबर मोजणारे जिवाणू सातव्या दिवशी मरतात. मोजायला चुकलेला तेवढा जगतो, आणि मग सगळं दूध त्याचंच."

"लाखात एक! एवढा धोका आपण धरलाच होता."

"तेव्हा आपण असंही धरलं होतं, की लोक पुडी लावतील, दही खातील आणि भांडं धुऊन टाकतील. तुम्ही भाव आठपट केलात आणि साठ हजार घरं रोज विरजण लावायला लागली. लाख भांडी व्हायला दोन दिवससुद्धा लागत नाहीत, गद्रे. तो चुकलेला जिवाणू आजवर कितींदा जन्मला असेल आणि मोरीत ओतला गेला असेल, देव जाणे. या बाईंनी ओतला नाही, एवढंच."

"मग दुहेरी कुलूप बसवा."

"बसवते. दोन्ही कुलपं एकाच झटक्यात बिघडतात, तेही धरलं तर कोटीत एक. साठ हजार घरांना त्याला साडेपाच महिने पुरतील. त्यात तुम्ही नव्या कुलपाचा खर्च पुडीवर चढवाल, की भांडी आणखी वाढतील आणि महिने कमी होतील. तुमच्या मालाला एकच कुलूप लागू पडेल. स्वस्ताई. पुडी इतकी स्वस्त करा की विरजण लावायचा लोकांना कंटाळा यावा."

गद्रे हसला. तो वाईट माणूस नव्हता, हिशेबी होता. "भावच नसेल तर पुढचं औषध शोधणार कोण? ही प्रयोगशाळा, तुमचा पगार, सगळं त्या भावातूनच आलंय. ज्याला जितकी गरज, तितकं तो मोजतो. बाजार कुणावर बळजबरी करत नाही."

"कांदा महागला तर माणूस कांद्यावाचून जेवतो," विभावरींचा आवाज चढला. "हे महागलं तर तो मरतो. ज्याला 'नको' म्हणायची सोयच नाही, त्याच्याशी कसला सौदा? ती अडवणूक झाली! तीन वर्षं मी हे बैठकीत पुटपुटत आले. मोठ्याने म्हणायला हवं होतं, याची मला लाज वाटते."

"ते राहू द्या." गद्रेने एक कागद पुढे केला. "हे दही धोकादायक आहे, असं यावर लिहा. लोक आमचं ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील. कुलूप तुमचं. आणि हा डबा जंतू मारायच्या वाफभट्टीत जाऊ दे. जिवाणूचं पेटंट कंपनीकडे आहे. या बाईंनी केली ती चोरी आहे."

हसीनाने डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला. तिला बोलणं निम्मंच कळलं होतं, पण 'धोकादायक' आणि 'चोरी' हे दोन शब्द नीट कळले होते. या मॅडमनी 'वाईट आहे' म्हटलं तर आपण हे आपल्याच हाताने ओतून टाकू आणि दस्तगीरची बोटं पुन्हा थरथरतील, हेही तिला कळत होतं.

"पेटंटचा अर्ज तुम्ही वाचलाय का, गद्रे?" विभावरींनी विचारलं.

"वकिलांनी केलाय."

"मी वाचलाय, माझी सही आहे त्यावर. हा जिवाणू आपल्याला जतकडच्या एका धनगर वस्तीवर, दह्याच्या मडक्यात सापडला. विष खायचा गुण त्याचा जन्मजात. निसर्गात सापडलेल्या जिवावर मालकी सांगता येत नाही, म्हणून वकिलांनी शब्द घातले, 'कालकुलूप बसवलेला जिवाणू'. आपली मालकी फक्त कुलपाची. आपण या दह्यात एकच गोष्ट घातली होती, त्याचं मरण. तेच आता यात नाही. मग यात तुमचं राहिलं काय?"

गद्रेने पडद्यावर अर्ज काढला, ते वाक्य शोधलं, पुन्हा वाचलं. त्यात दुसरं काहीच नव्हतं.

"तुमची नोकरी जाईल, मॅडम," शेवटी तो म्हणाला.

"जाऊ दे."

विभावरींनी कागद ओढून घेतला आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं : 'तपासलं. मूळ, नैसर्गिक जिवाणू. पोटात घेण्यास निर्धोक.' खाली सही केली, तारीख घातली आणि कागद हसीनाच्या हातात दिला. गद्रेने डब्याकडे हात केला होता, तो त्याने तसाच मागे घेतला.

"म्हंजे दुसऱ्यांना लावायला दिऊ म्हणता?" हसीनाने विचारलं.

"द्या. मागेल त्याला द्या."

"मग त्यांना आतच बोलावते. मघापास्नं फाटकाशी उन्हात उभ्या हायत, वाट्या घेऊन."

त्या आल्या. अकराजणी होत्या. कुणाच्या हातात वाटी होती, कुणाच्या पेला, एकीने तर चहाची किटलीच आणली होती. गद्रेला बाजूला सरकून त्यांना वाट द्यावी लागली. हसीना चमच्याने एकेकीला वाढू लागली. शास्त्रज्ञाला शेवटपर्यंत सूचना केल्याशिवाय राहवत नाही, तशा विभावरी म्हणाल्या, "सगळं वाटून टाकू नका हं. चमचाभर मागे ठेवा."

"घ्या!" हसीना मान वर न करता म्हणाली. "आता विरजण कसं ठेवायचं, ते कंपनी शिकवणार होय आम्हाला?"