सातव्या खाटेवरची परीक्षा

दुशान्बेतलं अर्धं शहर चिनारबाग इस्पितळात जन्मतं आणि उरलेलं तिथं डॉक्टर होतं, असं म्हणतात. त्यात मीठमसाला असेल थोडा. पण पामीरच्या डोंगरातला मेंढपाळसुद्धा छातीत कळ आली की तिथलीच वाट धरतो, हे खरं.

त्या सकाळी हृदयाच्या वॉर्डात परीक्षा होती. रीत अशी, की विद्यार्थ्याला एकेक रोगी नेमून द्यायचा आणि त्यानं तपासून आजार ओळखायचा. जुने रोगी पक्के बेरकी! मूठभर मनुका हातावर पडल्या, की आपला आजार लॅटिन नावासकट कानात सांगतात. मास्तरलोक डोळ्यांवर कातडं ओढून बसतात. आणखी एक रीत: दुखणं हाताबाहेर गेलेलं दिसलं, की रोग्याला 'घरी कोण कोण असतं?' एवढंच विचारायचं.

मुनव्वरा मुअल्लिमा, म्हणजे मास्तरीणबाई, तेवढ्या निराळ्या. "आधी कान लावा, मग तोंड उघडा," हे त्यांचं वाक्य शहरातल्या निम्म्या डॉक्टरांनी ओरड्यासह ऐकलेलं.

शहलो नावाची विद्यार्थिनी हसतच आली. "सातवी खाट, मुअल्लिमा. हृदयाची झडप आवळलीय."

"मनुका किती दिल्यास गं, भवाने?"

शहलोनं जीभ चावली. "एकच मूठ. म्हातारे बोबो फार गोड आहेत हो."

मुनव्वरांच्या हातातली पेन्सिल थांबली. सातवी खाट कालपासून रिकामी होती. तिची गादी खाली अंगणात ऊन खात पडली होती.

"आणखी काय म्हणाले?"

"म्हणाले... आज काहीतरी निराळंच होतंय पोरी, जरा ऐक. मी म्हटलं, परीक्षा झाल्यावर."

पस्तीस वर्षांपूर्वी याच खाटेवरच्या, झडप आवळलेल्या तवक्कल बोबोनं हेच म्हटल्यावर, तेव्हा विद्यार्थिनी असलेल्या मुनव्वरानं अगदी हेच उत्तर दिलं होतं. पाचपैकी पाच गुण मिळाले. कागदावर तिनं लिहिलं, 'छाती ऐकली. नवीन काही नाही.' दुपारी म्हातारा गेला. त्या ओळीवर बोट ठेवून प्राध्यापक त्याच्या बायकोला म्हणाले, "आमच्या मुलीनं नीट तपासलं होतं, बाई. नशीब तुमचं." बाईनं मुनव्वराचे हात हातात घेऊन आभार मानले. मुनव्वरा गप्प राहिली.

शहलोला नापास करून आजही गप्प राहता आलं असतं. पण मुनव्वरा उठल्या. सगळ्या पोरांना घेऊन त्या खाटेपाशी गेल्या.

"इथल्या रोग्याला मी ऐकलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "ऐकलं म्हणून लिहिलं मात्र."

कुणी त्यांच्याकडे बघेना. त्यांनी वाकून उघड्या लोखंडी जाळीवर स्टेथोस्कोप धरला. काहीच नाही.

"मुअल्लिमा..." शहलो पुटपुटली. "तिथं नाहीत ते."

"मग?"

"तुमच्या मागे... पाठीला कान लावून..."

कोटाच्या आत, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, काहीतरी गार टेकलं.

"श्वास घ्या म्हणताहेत... आता सोडा..." शहलोचा आवाज बारीक होत गेला. "मुअल्लिमा, ते... तुमच्या घरी कोण कोण असतं, ते विचारताहेत."