एकाला सोडून

"ती रोपं खाली ठेवा."

मागून आवाज आला तेव्हा माझ्या मुठीत गव्हाचे पिवळे कोंब होते, मुळांसकट, आणि ओली माती माझ्या पदरावर ओघळत होती.

वनस्पतिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला अंधारात वाढलेली रोपं हवी होती. मी ती कॉटखाली लावली होती, पण आईने "कॉटखाली कसली शेती" म्हणून झाडलोटीत फेकून दिली. आमचं कॉलेज भोपाळबाहेर, आनंद नगरच्याही पुढे. मागच्या उतारावरून खाली गेलं की नदी आणि नदीला टेकून बेलखेडी गाव. तिथल्या एका अंधाऱ्या खोलीत, पळसाच्या द्रोणांत, अगदी हवे तसे कोंब दिसले. दार उघडं होतं. मी शिरले आत.

"कॉलेजसाठी हवी आहेत," मी म्हणाले. "मूठभर रोपांनी काय होतं?"

"मुनियाची भुजरिया आहे ती. ती पोर रोज उठून पाणी घालते, अन् तुम्ही आल्या, उपटून मोकळ्या झाल्या."

"तुम्ही नागपूरचे का?"

"काहून? चोर पकडायला पुण्याचं असावं लागते का?"

हा नीळकंठ. एम.एस्सी.ला होता. वडिलांची बदली झाल्यावर गावात सगळे जिला काकी म्हणत, त्या म्हातारीकडे भाड्याने राहत होता. मुनिया काकीची नात. ती रडायला लागली, तशी काकीने मला हाताला धरून खाली बसवलं आणि नव्याने गहू पेरायला लावला.

भुजरिया म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. राखीच्या दुसऱ्या दिवशी गावातल्या मुली हे कोंब नदीत धुतात आणि घरोघर वाटतात. घेणारा ते कानामागे खोवतो. वर्षभराचं भांडण असेल तर तिथे मिटतं.

कोंब वेळेत वर येतील की नाही हे बघायला मला रोज जावं लागलं. निदान घरी मी तसं सांगितलं.

सणाच्या दिवशी काकीने माझ्याही हातात मूठभर दिले. "जा, नीलू को भी दे आ." पण नीळकंठ कुठेच नव्हता. म्हैस धुवायला नदीवर गेला होता म्हणे… ज्याने कधी म्हशीच्या शेपटीला हात लावला नव्हता, तो.

मग वर्ष गेलं. बायका रपट्यावर, म्हणजे नदीवरच्या त्या बुटक्या पुलावर, राखेने भांडी घासत. उन्हाळ्यात वाळूत काकड्या लागत, आणि नीळकंठ मीठ खिशात ठेवून फिरे. संध्याकाळी तो मला रपट्यापर्यंत सोडायला येई. पलीकडून माझ्या घराकडची, बरखेड्याची बस.

"गाव बघतंय," मी म्हणायची.

"बघू दे. गावाला दुसरं काम काय?"

एवढंच. त्यापुढे तो कधी बोलला नाही, आणि मी तरी कशी बोलणार…

पुढच्या श्रावणात मुनियाने सांगितलं, "नीलू भैया हरिद्वार जा रहे हैं." तिथल्या कारखान्यात त्याला नोकरी लागली होती. मला त्याच्या तोंडून कळलं नाही, तिच्या तोंडून कळलं.

"मला का नाही सांगितलंस?" रपट्यावर मी त्याला गाठलं.

"सांगून काय झालं असतं? तू थांब म्हणाली असतीस?"

"म्हटलं असतं तर थांबला असतास?"

मी बसमध्ये जाऊन बसले, मागे वळले नाही. त्यानंतर बोलणं बंद. इकडे घरी रविवारी पुण्याची मंडळी मला बघायला येणार होती.

मी पुन्हा कॉटखाली गहू पेरला. या वेळी आईने फेकला नाही. फक्त म्हणाली, "पाणी जास्त घालू नकोस, कुजेल."

भुजरियाच्या दिवशी नदी फुगली होती. कंडक्टरने बजावलं, "बहनजी, पानी रपटे पर चढ़ा तो हम रुकेंगे नहीं." घाटावर ढोलक वाजत होती. मी काकीला कोंब दिले, मुनियाला दिले, दूधवाल्याला दिले. घेणारा प्रत्येक पुरुष माझ्या पायाला हात लावत होता. गावचे पांढऱ्या मिशांचे पटेलसुद्धा वाकले, तेव्हा मी लाजून मागे सरले.

शेवटी नीळकंठपुढे उभी राहिले. हात पुढे केला.

"घे."

त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले. "नाही."

"भांडण मिटवायला आले आहे मी."

"कळतंय मला."

"मग?"

"भांडण राहू दे."

ढोलक थांबली. सगळा घाट आमच्याकडे बघत होता. माझा हात तसाच पुढे. एवढा राग? जाताना मूठभर गवत घेण्याइतकीही मी त्याची कोणी नव्हते? पलीकडून बसने हॉर्न दिला. रपट्याच्या कडेला पाणी लागलं होतं. मी कोंब मुठीत आवळले आणि वळले. आता गेले तर पुन्हा या गावात पाऊल ठेवणार नव्हते.

काकीने माझं मनगट धरलं. ती हसत होती.

"अरी पगली, पाँव क्यों छुए सबने तेरे? भुजरिया ले ली, तो तू बहन हो गई. लड़की सारे गाँव को देती है…" तिने हनुवटीने त्याच्याकडे खूण केली. "एक को छोड़ के."

मी नीळकंठकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते.

"गेल्या वर्षी ती म्हैस…" मी म्हणाले.

"मला म्हशीची फार भीती वाटते," तो म्हणाला. "तरी गेलो."

"आणि हे सांगायला तुला अख्खं गाव लागलं?"

"एकट्याने जमलं नाही ना." मग हळूच, "हरिद्वारला दोन खोल्यांचं क्वार्टर देतात. पण लग्न झालेल्यालाच."

"हे विचारणं आहे का?"

"अर्ज समज."

हॉर्न पुन्हा वाजला. मी चपला हातात घेतल्या.

"उद्या बरखेड्याला ये. बाबा कारखान्यात पहिल्या पाळीला निघायच्या आत."

"भोंगा व्हायच्या आधीच येतो."

पाऊल बुडेल एवढ्या पाण्यातून मी पलीकडे धावले. हातातले कोंब तसेच होते. कंडक्टरला दिले. तोही बिचारा पायाला वाकला.

आता तिथे उंच पूल आहे, आणि बेलखेडीच्या वाळूपर्यंत इमारती आल्या आहेत. हरिद्वारहून निवृत्त होऊन आम्ही भोपाळलाच, सोनागिरीत राहायला आलो, त्यालाही पुष्कळ वर्षं झाली. दर श्रावणात मी कॉटखाली गहू पेरते. राखीच्या दुसऱ्या दिवशी मुलांना, सुनांना, शेजाऱ्यांना, दाराशी आलेल्या भाजीवाल्यालाही देते.

हा खुर्चीत बसून असतो. सकाळीच चहावरून काहीतरी वाजलेलं असतं. मी जवळून जाते, तसा मुद्दाम कान पुढे करतो.

"दे की. म्हातारपणी तरी मिटव."

मी हात मागे घेते.

"भांडण राहू दे," म्हणते.