अर्ल टिबेट्सचं उत्तर

टपालपेटीत माझ्याच अक्षरातलं पाकीट दिसलं की अजूनही मी अनवाणीच धावत सुटते. चौदाव्या वर्षापासूनचा नाद आहे हा. निवृत्त झालेल्या बास्केटबॉल खेळाडूंना पत्र लिहायचं, सोबत त्यांचा फोटो छापलेलं जुनं कार्ड घालायचं आणि आपलाच पत्ता लिहून, तिकीट लावून परतीचं पाकीट ठेवायचं. ते सही करून पाठवतात. कधी आठ दिवसांत, कधी दोन वर्षांनी. आई म्हणते, "आमच्या मार्लाला टपालानं येणारेच पुरुष आवडतात, आणि तेही साठीच्या पुढचे."

त्या मार्चमधल्या शनिवारी, बर्फ वितळून अंगणात नुसता चिखल झालेला असताना, अर्ल टिबेट्सकडून पाकीट आलं. दारातच फोडलं. कार्डावर निळ्या शाईत लिहिलं होतं, 'लायलला, शुभेच्छांसह.'

आता हा लायल कोण?

कार्डामागे एक पत्र होतं, तेही माझं नव्हतं. म्हणजे म्हातारबाबांनी एकाच बैठकीत दोन पत्रं उघडली आणि परतीची पाकिटं उलटसुलट केली. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला कळतं. मी उभ्या उभ्या सगळं वाचलं.

'टिबेट्स साहेब, मी क्रॉफर्ड्सव्हिलच्या शाळेत स्वयंपाकी आहे. मी प्रत्येक खेळाडूला एकच प्रश्न विचारतो. आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या सामन्याआधी तुम्ही काय जेवला होतात? उत्तर आलं की मी तो पदार्थ करून बघतो. आजवर दोनशे बारा झाले.'

पत्राच्या मागे टिबेट्सच्या तिरप्या अक्षरात उत्तर होतं. 'शिळे बीन्स आणि मक्याचा पाव. आईनं गरम करून दिले होते.'

मला हसू आलं, आणि पाठोपाठ स्वतःचं पत्र आठवलं. माझ्या पत्रात असलं गमतीचं काही नव्हतं. आणि ते आता या स्वयंपाक्याकडे होतं.

माझे बाबा जन्मभर एक गोष्ट सांगायचे. एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात टिबेट्स आमच्या लोगन्सपोर्टला पेट्रोल भरायला थांबला, पंपामागे दोघं खेळले, आणि बाबांनी त्याच्या डोक्यावरून चेंडू टाकून बास्केट केली. सगळं गाव हसायचं. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात त्यांनी ती नर्सला सांगितली. नर्सनं मला डोळा मारला, आणि मी... मीही हसले. बाबांनी ते पाहिलं. चार दिवसांनी ते गेले.

इतक्या वर्षांत टिबेट्सला पत्र लिहायची माझी छाती झाली नव्हती. या वेळी लिहिलं. खरं होतं का हो ते? मला फक्त एवढंच हवं होतं.

तेवढ्यात फोन वाजला.

"मार्ला हॉस्टेटलर? मी लायल. देवा, सापडलात एकदाच्या. तुमच्या गावात हॉस्टेटलर एकोणीस आहेत."

"मी कितवी?"

"अकरावी. सहाव्या बाईंनी मला उद्या चर्चला बोलावलंय."

"माझं पत्र वाचलंत?"

"तुम्ही माझं वाचलंत?"

"विषय बदलू नका."

"वाचलं," तो हळूच म्हणाला.

"आणि मागची बाजू?"

"ते... फोनवर नको. पुढच्या शनिवारी आपल्या इकडच्या फ्रँकफर्ट गावी भेटू या? दोघांनाही अर्ध्या वाटेवर पडेल."

आठ दिवस मी चष्म्याच्या दुकानात काचा घासत होते आणि मनात मांडे खात होते. नुसतं 'नाही' असतं तर माणूस भेटायला कशाला बोलावेल?

फ्रँकफर्टच्या त्या छोट्या हॉटेलात तो आधीच येऊन बसला होता. उंची बेताची, केस ओले, हातावर भट्टीचे जुने चटके. त्यानं 'मार्लाला' असं लिहिलेलं कार्ड माझ्यापुढे ठेवलं. मी त्याचं त्याला दिलं.

"आणि पत्र?"

"ते... दुसऱ्या कोटात राहिलं वाटतं."

राग यायला हवा होता. पण समोर टेंडरलॉइन सँडविच आलं, त्यातला तळलेल्या मांसाचा तुकडा पावाच्या दुप्पट मोठा, आणि तो सांगत बसला की एक खेळाडू सामन्याआधी फक्त लोणच्याचं पाणी प्यायला होता, आणि तेही यानं पिऊन पाहिलं.

"मग काय झालं?"

"मी कोणताच सामना जिंकलो नाही."

मी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरचे आजोबा वळून पाहायला लागले. लायल मात्र माझ्याकडे बघत राहिला... आणि नजर भिडली तसा घाईघाईनं सँडविचकडे वळला.

पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. पत्र दुसऱ्या कोटात. त्या दिवशी माझी छत्री उलटी झाली, त्यानं मला गाडीपर्यंत पोचवलं आणि स्वतः भिजला. परत येताना मी पत्राचा विचार केलाच नाही, याची मला लाज वाटली.

तिसऱ्या शनिवारी मी बसायच्या आधीच विचारलं, "लायल, तुम्हाला एकूण कोट किती?"

तो टेबलाकडे बघत म्हणाला, "एकच."

मग त्यानं आतल्या खिशातून माझं पत्र काढलं. घड्या मऊ पडल्या होत्या. मी मागची बाजू वाचली. 'नाही, पोरी. एकसष्टच्या उन्हाळ्यात माझा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता. वडिलांचं ऐकून वाईट वाटलं.'

"पहिल्या दिवसापासून हे तुमच्या खिशात होतं," मी म्हटलं. "आणि मी आपली आशेवर."

"चुकलो. टिबेट्सचं अक्षर मला हुबेहूब जमतं, मार्ला. एका रात्री दुसरा कागदही घेतला होता, 'हो' लिहायला. नाही लिहवलं."

"मला लगेच कळलं असतं."

"पकडला जाईन म्हणून नव्हतो थांबलो मी."

मी पत्र उचललं आणि निघाले. वाटेत दोनदा गाडी बाजूला घ्यावी लागली, रडण्यापायी रस्ता दिसेना.

घरी आईपुढे कागद ठेवला आणि सगळं सांगितलं. तिनं चष्मा लावून वाचला आणि घडी घालून परत दिला.

"मला ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. अगं, ट्रकवाल्याचा मुलगा तुझ्या आजोबांना दारात उभा नको होता. पण आजोबा बास्केटबॉलचे वेडे. तेव्हा तुझ्या बाबानं ही थाप मारली, आणि आजोबांनी स्वतः उठून त्याला खुर्ची दिली. एकदा सांगितल्यावर माघार कशी घेणार? मग जन्मभर निभावली बिचाऱ्यानं."

"पण मी हसले गं, आई. त्यांनी पाहिलं."

"मला सांगितलं ना त्यानं. 'मार्लानं आज पकडलं मला,' म्हणाला, आणि खोकला येईपर्यंत हसला." आईनं माझा हात हातात घेतला. "थापच होती. पण ती मारली नसती तर तू नसतीस."

आम्ही दोघी कितीतरी वेळ रडलो, आणि मधूनमधून हसलोही.

"आणि तो स्वयंपाकी?" डोळे पुसत आई म्हणाली. "नुसतं 'हो' लिहून तुला खूश करता आलं असतं त्याला. नाही ना केलं?"

रविवारी दुपारी मी क्रॉफर्ड्सव्हिलला त्याच्या दारात उभी होते. त्यानं ॲप्रनला हात पुसत दार उघडलं आणि बघतच राहिला.

"एकच विचारते, सरळ सांग," मी म्हटलं. 'तुम्ही' वाटेतच कुठंतरी गळून पडलं होतं. "कागद का लपवलास? मला वाईट वाटेल म्हणून?"

"अर्धं ते."

"आणि उरलेलं अर्धं?"

"कागद हातात पडला की तू परत येणार नव्हतीस." त्यानं ॲप्रन काढून हातात घेतला. "मला तू फार आवडतेस, मार्ला. तुझं पत्र वाचलं ना... तेव्हाच."

"कागद तर काल मिळाला मला," मी म्हटलं. "आणि आज मी आलेय."

तो दारातून बाजूला झाला, आणि मी बूट काढून आत गेले.