सुगत कुणाचा?

पद्मावती चौगुले यांना मूलबाळ झालं नव्हतं. तरीही यंदाचा उन्हाळा लागल्यापासून त्या सुगत नावाच्या मुलासाठी रडत होत्या.

त्यांचे यजमान अण्णासाहेब त्यांना घेऊन सांगलीहून पुण्याला, 'स्मृतिसेतू'च्या मुख्य केंद्रात आले. विस्मरणाचा आजार झालेली हजारो माणसं त्या काळात कानामागे 'खडा' लावून जगत होती. खडा म्हणजे तुरीच्या दाण्याएवढं यंत्र. आजाराची चाहूल लागली की माणसानं केंद्रात बसून आपलं आयुष्य बोलून ठेवायचं. ते त्याच्या नावाच्या 'स्मृतिकोशात' साठायचं. कोशाला कुलूप असे, घरच्यांनाही तो उघडता येत नसे. पुढे मेंदू एखाद्या आठवणीपाशी अडखळला की खडा ते ओळखायचा, केंद्राच्या सर्व्हरला विचारायचा आणि उत्तर मनात उमटायचं, अगदी आपलं आपल्यालाच आठवावं तसं.

याच्या मुळाशी एक साधं तत्त्व होतं. आठवण ही कपाटात ठेवलेली वस्तू नव्हे. आपण काही आठवतो तेव्हा मेंदू ते बाहेर काढतो आणि ठेवताना पुन्हा नव्यानं लिहितो. शास्त्रज्ञ याला 'पुनर्लेखन' म्हणत. लिहिण्याच्या त्या क्षणी खडा मेंदूचं बोट धरायचा. रोज तेच उत्तर मिळालं की पुसट झालेली आठवण पुन्हा पक्की व्हायची. उत्तर चुकीचं मिळालं तर ते चुकीचंही तितकंच पक्कं होईल, याचा विचार मात्र कुणी फारसा केला नव्हता.

केंद्राच्या डॉक्टरांनी पद्माताईंना तपासलं आणि आजार वाढल्याचं सांगितलं. अण्णासाहेब स्वागतकक्षातल्या खुर्चीवर जाऊन बसले आणि उठेनात. शेवटी सर्व्हरचं काम पाहणाऱ्या हर्षदा कुलथेला खाली बोलावण्यात आलं.

"मॅडम, मी इथनं हलणार न्हाई," अण्णासाहेब म्हणाले. "डॉक्टर भ्रम म्हणतात. ही जन्मभर शाळेत भूगोल शिकवत आली. घरातला दिवा गेला तर मला हाक मारायची. आता सकाळी उठून मेन स्विचचा फ्यूज तपासतीय! भ्रमाला फ्यूज कसा बसवायचा ते कुठनं कळणार?"

हर्षदा पद्माताईंच्या शेजारी बसली. "ताई, सुगत कुठं गेला?"

"नदीत गेला गं."

"कृष्णेत?"

"कृष्णेत कशाला? वर्धा नदीत. आमच्या कोळशाच्या खाणीच्या मागच्या अंगाला. तिथली वाळू काळी आहे, कोळशाच्या भुकटीनं. बसलं की पायजम्याला डाग पडतात."

हर्षदानं त्यांच्या काठापदराच्या साडीकडे पाहिलं. पद्माताईंनी जन्मात पायजमा घातला नसणार. ही आठवण खरी होती, फक्त या बाईंची नव्हती.

"काका, तुम्ही चहा घ्या," ती अण्णासाहेबांना म्हणाली. "ताईंच्या डोक्यात काही बिघडलेलं नाही. आमच्याकडे बिघडलंय. ते शोधल्याशिवाय मीही हलणार नाही."

वरच्या मजल्यावर तिच्या विभागप्रमुखांनी नेहमीचा उपाय सुचवला. "सर्व्हर बंद करून चालू कर. सुटेल आपोआप."

"सुटेल, पण का सुटलं ते कळणार नाही. म्हणजे पुन्हा होईल."

प्रश्नांना उत्तरं देण्याचं काम 'सर्व्हलेट' करत. सर्व्हलेट म्हणजे जावा भाषेत लिहिलेला, सर्व्हरच्या पोटात बसलेला एक सेवक. सर्व्हर सुरू झाल्यावर तो एकदाच जन्माला येतो आणि नंतर येईल त्या प्रत्येकाला तो एकटाच तोंड देतो. 'स्मृतिसेतू'त चेहरे ओळखून देणारा एक सर्व्हलेट होता, रस्ते सांगणारा दुसरा आणि जुन्या आठवणी पुरवणारा तिसरा. पद्माताई नवऱ्याला ओळखत होत्या, घरची वाट चुकत नव्हत्या. म्हणजे दुखणं तिसऱ्याचंच.

हर्षदानं आधी मांडणीची फाइल उघडली. कुठला प्रश्न कुठल्या सर्व्हलेटकडे जायचा हे त्या फाइलीत लिहिलेलं असतं. ते बरोबर होतं. मग तिनं सर्व्हरच्या नोंदी चाळल्या. एकही चूक नोंदलेली नव्हती. सर्व्हरच्या लेखी सगळं आलबेल होतं: प्रश्न आला, उत्तर गेलं. कुणाच्या प्रश्नाला कुणाच्या कोशातलं उत्तर गेलं, हे तपासायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

तिनं वेगळ्या यंत्रावर हुबेहूब तोच सर्व्हर उभा केला, त्यात खोटी माणसं आणि खोट्या आठवणी भरल्या आणि एकेक प्रश्न पाठवून पाहिला. प्रत्येक उत्तर बरोबर. तिचे सहकारी जेवायला गेले, परत आले, तरी ती तिथंच. एकेकट्यानं विचारल्यावर हा चुकत नाही. मग सगळ्यांनी एकदम विचारलं तर? तिनं प्रश्नांचा लोंढा सोडला. हजारो उत्तरं बरोबर आली आणि त्यांच्यात एक चुकीचं आलं. नाशिकच्या खोट्या माणसाला परभणीच्या खोट्या माणसाचं बालपण मिळालं होतं.

मग तिनं सर्व्हलेटचा मूळ प्रोग्राम वाचायला घेतला, आणि संध्याकाळच्या आत दोष सापडला.

"समजेल असं सांगा," अण्णासाहेब म्हणाले. ते अजून त्याच खुर्चीवर होते. "मी एस्टीच्या चौकशी खिडकीवर नोकरी केलीय. अगदीच अडाणी न्हाई."

"मग त्याच खिडकीचं घेऊ. समजा खिडकीवर तुम्ही एकटे, आणि तुमच्याजवळ एकच पाटी. प्रवासी येतो, त्याचं नाव तुम्ही पाटीवर लिहिता, आत जाऊन त्याचा कागद काढता आणि पाटीवरचं नाव वाचून कागद देता. एका वेळी एकच प्रवासी असेल तर?"

"काय अडचण न्हाई."

"आता तुम्ही एकाच वेळी शंभर जणांशी बोलू शकता असं समजा. सर्व्हलेट बोलू शकतो. पण पाटी एकच. ताईंचं नाव लिहिलं, आणि त्यांचा कागद काढेपर्यंत दुसऱ्यानं ते पुसून स्वतःचं लिहिलं."

"मग कागद त्याचा निघणार अन् देणार मी हिला," अण्णासाहेब सावकाश म्हणाले. "पण मॅडम, एवढी मोठी कंपनी. प्रत्येकाला वेगळी पाटी द्यायचं कुणाला सुचलं न्हाई?"

"जुन्या प्रोग्राममध्ये एक ओळ होती: 'एका वेळी एकालाच आत घ्या.' तिच्यामुळे एका पाटीवर निभावत होतं. नवा सर्व्हर आला, त्याला ती ओळ मान्य नव्हती. प्रोग्राम चढेना, म्हणून कुणीतरी ती काढून टाकली. चाचणी झाली एकेका प्रश्नाची, आणि सगळे खूश."

"पण मग एकदाच चुकायला हवं. ही महिनोन्महिने रडतीय."

"एकदा जुळलेला कोश सर्व्हर त्या माणसाच्या 'सत्रा'त जपून ठेवतो, म्हणजे दर वेळी शोधावं लागत नाही. सत्र काही वेळानं संपायला हवं. खडा अखंड चालू राहावा म्हणून आमच्या मांडणीत लिहून ठेवलंय: सत्र कधीच संपू नये."

 अण्णासाहेबांनी विचारलं, "मग हिच्या आठवणी कुणाकडं गेल्या?"

सर्व्हरनं पद्माताईंच्या सत्रातल्या कोशाचा मालक सांगितला: देवराव रामटेके, चंद्रपूर. खाणीतले निवृत्त इलेक्ट्रिशियन. पाटीवर दोन्ही नावांची अदलाबदल झाली होती; पद्माताईंचा कोश त्यांच्या सत्रात जुळला होता.

दुरुस्ती लहानशीच होती. नाव सामाईक पाटीवर न लिहिता प्रत्येक प्रश्नाच्या स्वतःच्या हातात ठेवायचं आणि सत्राला मुदत घालायची. हर्षदानं ती केली. तोच प्रश्नांचा लोंढा पुन्हा पुन्हा सोडला आणि एकही उत्तर चुकेनासं झाल्यावरच दुरुस्ती मुख्य सर्व्हरवर चढवायचं ठरवलं. विभागप्रमुख म्हणाले, "छान. आता बोभाटा नको. हळूहळू सगळ्यांचं आपोआप जागेवर येईल."

"लिहिलं गेलेलं आपोआप पुसलं जात नाही सर. आणि ज्यांच्या डोक्यात ते लिहिलं गेलं त्यांना मी सांगणार. देवरावांकडे मी स्वतः जाते. त्यांना भेटल्याशिवाय त्यांचं सत्र मी तोडणार नाही."

चंद्रपूरच्या त्या घरात तिला रडारड अपेक्षित होती. अंगणात देवराव शेजाऱ्यापाजाऱ्यांना आफ्रिकेतल्या नद्या समजावून सांगत बसले होते. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे का वाहते, हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांची बायको शेवंताबाई हर्षदाला आत घेऊन गेल्या. भिंतीवर एक चौकोनी पांढरा डाग होता; तिथला फोटो काढून ठेवलेला दिसत होता.

हर्षदानं सगळं सांगितलं.  शेवंताबाई म्हणाल्या, "बाई, तुमच्या मशीनीची चूक झाली म्हणता. माह्या घरात पाच वर्षांनी माणूस हसला, तो या चुकीनंच."

"म्हणजे?"

"सुगत गेला तवा यांचं डोस्कं शाबूत होतं. तवाचं दुःख एकदाचं होतं. मग हा आजार आला. रोज सकाळी उठून विचारत, 'सुगत कुठी आहे?' अन् तुमचा तो खडा रोज सांगे. रोज नव्यानं पोरगं मरे जी माह्या घरात. आता विचारतच नाहीत. आम्हाले लेकरूच नव्हतं म्हणतात." त्यांनी हर्षदाकडे रोखून पाहिलं. "तुमी दुरुस्त करा. बाकीच्या लोकांचं वाटोळं नका करू. पण यांच्या कोशातला सुगत कुलपात ठेवा. यांनी विचारलं तरी देऊ नका."

"ठेवते. ताईंना मात्र त्यांचं सगळं परत मिळेल," हर्षदा म्हणाली. "आणि त्यांच्या डोक्यातली सुगतची आठवण पुसायचा उपायही आहे. 'खोडपाठ' म्हणतो आम्ही. ती वर आली की खडा सांगत राहतो, ही तुझी नाही. काही आठवड्यांत विरते."

शेवंताबाई एकदम सरसावून बसल्या. "त्या बाईले सगळं आठवते? नदीवरचंही?"

"हो."

"हे दोघं गेले होते, अन् हे एकटे आले. त्या सांजेचं यांनी मले कधी सांगितलं नाही. तुमच्या मशीनीले सांगितलं, मले नाही. ते पुसू नका जी. आधी मले त्या बाईशी बोलू द्या."

हर्षदानं सांगलीला फोन लावला. अण्णासाहेब खोडपाठ आजच सुरू करा म्हणत होते. त्यांच्या हातातून फोन पद्माताईंनी घेतला. त्यांना सगळं समजावून झालं होतं. सुगत आपला नव्हे हे त्या पाठ केल्यासारखं म्हणूनही दाखवत. पण आवाज वर्गात उभ्या राहिलेल्या बाईंचा होता.

"हर्षदा, त्याचा बाप त्याला विसरला. मीही विसरले तर त्या काठावर त्याच्यासोबत कोण राहील? माझ्या डोक्यातलं काही पुसायचं नाही. आणि त्या माउलीला सांग, मी येतेय."

त्या आल्या. अण्णासाहेब कपाळाला आठ्या घालून सोबत आले आणि अंगणात देवरावांजवळ बसले. आत दोघी बायका समोरासमोर. हर्षदा उठू लागली तशी पद्माताईंनी तिला खूण करून बसवलं.

"पाणी कमी होतं," पद्माताई म्हणाल्या. "म्हणून त्याला जाऊ दिलं. मध्ये खड्डा होता. वाळू काढलेली. तो खाली गेला तशी मी उडी मारली. त्याचा हात सापडला मला. सापडला होता." त्यांनी स्वतःचा उजवा पंजा समोर धरला आणि त्याकडे बघत राहिल्या. "त्यानं मला घट्ट धरलं. दोघंही खाली जायला लागलो. माझ्या छातीत हवा उरली नव्हती. मग मी... मी त्याची बोटं सोडवली. एकेक करून सोडवली. वर आले. पुन्हा बुडी मारली तेव्हा तो नव्हता."

 सांगणारी बाई पोहायला कधी शिकलीच नव्हती. पण तिची बोटं हवेत एकेक करून उघडत होती. सर्व्हर तर हर्षदानं दुरुस्त केला होता. हा हात कुठल्या प्रोग्रामनं दुरुस्त होणार होता?

 शेवंताबाईंनी पुढे सरकून तो पंजा आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"सोडला नसता तर दोघंही गेले असते," त्या म्हणाल्या. "बरं केलं सोडला. मी काही म्हणत नाही तुले. ऐकलं का? मी काही म्हणत नाही."

त्या कुणाला माफ करत होत्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पद्माताईंनी मान खाली घातली आणि इतके दिवस रडत होत्या त्याहून वेगळं रडू त्यांना फुटलं.

तो आवाज ऐकून देवराव दारात आले. अनोळखी बाईला रडताना पाहून ते कळवळले. "काय झालं जी? कोण गेलं?"

"मुलगा," शेवंताबाई म्हणाल्या.

"अरेरे. कुणाचा?"

शेवंताबाईंनी एकवार भिंतीवरच्या पांढऱ्या चौकोनाकडे पाहिलं. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग हातातला हात न सोडता त्यांनी उत्तर दिलं.

"यांचा."