शेवटचे धुराडे

चंद्रपुरात आता वाळत घातलेले पांढरे कपडे संध्याकाळपर्यंत पांढरेच राहत. गावाबाहेर संमीलन केंद्र सुरू झाले आणि कोळसा जळायचा थांबला. इथे अणू फोडत नसत, हायड्रोजनचे अणू एकमेकांत मिसळून वीज काढत. सूर्यात घडते तसेच. आज जुन्या औष्णिक केंद्राचे शेवटचे धुराडे पाडायचे होते. सुरुंगाचे बटण दाबण्याचा मान बॉयलरवर उभी हयात घालवलेल्या भाऊराव मेश्रामांना मिळाला होता.

त्यांची मुलगी शर्वरी संमीलन केंद्राचा इंधन विभाग सांभाळायची. मंडपात येण्याआधी तिने संचालक देवगडेंना गाठले होते. या भट्टीला दोन इंधने लागत. एक पाण्यातून हवे तेवढे मिळे. दुसरे, ट्रिटियम, भट्टीभोवतीच्या लिथियमच्या आवरणात तयार व्हायचे. पण आवरण झिजत चालले होते; जळे तितके ते देईनासे झाले होते. तूट एक परका देश भरून काढायचा. त्याने आज सकाळी हात वर केले होते.

“आहे ते किती पुरेल?” देवगडेंनी विचारले.

“उन्हाळा जेमतेम निघेल. नवं आवरण बसेपर्यंत हे धुराडं पाडू नका, साहेब.”

मंत्री निघालेत, लोक जमलेत, आता माघार घेतली तर केंद्रावर कुणाचा विश्वास उरणार नाही, असे म्हणून देवगडेंनी विषय मिटवला होता.

मंडपात शर्वरीने वाकून वडिलांच्या कानात सगळे सांगितले. तुम्ही नाही म्हणालात तर समारंभ निदान आज तरी थांबेल, असे विनवले. भाऊराव मान खाली घालून ऐकत राहिले. त्यांच्या पाळीतले बहुतेक सोबती छातीच्या दुखण्याने गेले होते. त्यांच्याही नाकाला नळी होती, आणि घरचे प्राणवायूचे यंत्र विजेवरच चाले.

“हे उभं राहिलं तर पुन्हा पेटवतील ना, बेटा?”

“पेटवावंच लागेल, बाबा.”

“म्हणजे पुन्हा कुणाची तरी पोरं त्या धुरात उभी राहतील.”

त्यांनी बटण दाबले.

धुराडे कमरेत मोडले आणि जमीन हादरली. टाळ्यांचा गजर धुळीत विरला. शर्वरीने ओढणी वडिलांच्या तोंडावर धरली.

“आता तुम्हाला मागं फिरता येणार नाही,” भाऊराव ओढणीआडून म्हणाले. त्यांना धाप लागली होती. “खरं सांग, उन्हाळा निघायच्या आत ते आवरण नवं होईल?”